शिक्का मारलेला आवाज

केळुसकर साहेबांनी मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि म्हणाले, "ऐका. सकाळपासून अख्ख्या गावाने मला हे पाठवलंय."

आधी यंत्रमागांचा खडखडाट ऐकू आला. मग एका बाईचा आवाज.

"बायांनो, मी कुणाला घाबरवायला बोलत नाही. पण मला विचारलंत म्हणून सांगते. माझ्या थोरल्याला लहानपणी हीच त्रिगुणीची सुई दिली होती. संध्याकाळी अंग तापलं आणि त्याला झटके आले. डोळे पांढरे केले, दातखीळ बसली. दवाखान्यात नेलं, तर म्हणाले, सुईचा काही संबंध नाही. मग कशाचा संबंध होता, ते आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. माझ्या धाकटीला मी नेणार नाही. तुम्ही तुमचं बघा."

त्या आवाजाखाली कुणीतरी चार ओळी जोडल्या होत्या. या लसीने शेजारच्या जिल्ह्यात डझनभर मुलं दगावली, सरकार लपवतंय, पुढे पाठवा. त्या ओळी धादांत खोट्या होत्या. पण लोक ओळी वाचत नव्हते, आवाज ऐकत होते.

केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. केळुसकर साहेब म्हणजे कुंडलपेठ नगरपालिकेचे आरोग्याधिकारी. त्यांच्या समोर रुग्णालयाच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शमीम नदाफ. आणि मी, हेमांगी दिवटे. माझ्या पदाला 'आरोग्य संवाद अधिकारी' असं भारदस्त नाव होतं आणि नेमणूक कंत्राटी होती. पालिकेच्या आरोग्य विभागाचं फेसबुक पान, व्हॉट्सॲपच्या याद्या, चित्रफिती, फलक, सगळं माझ्याकडे.

"ही बाई कोण आहे ते शोधा," साहेब मला म्हणाले. "तुम्ही इथल्याच. कोष्टी गल्लीतला आवाज वाटतोय. मी पोलिसांत तक्रार देणार आहे. एकीवर कारवाई झाली की बाकीच्यांची तोंडं आपोआप बंद होतील."

"बघते, सर," मी म्हणाले.

शोधायची गरज नव्हती. 'बायांनो' या पहिल्याच शब्दाला मी ओळखलं होतं. तो माझ्या थोरल्या बहिणीचा, ललिताताईचा आवाज होता.

डॉ. नदाफ माझ्याकडे बघत होत्या. मी वहीत उगाच काहीतरी लिहिलं आणि बाहेर पडले.

त्या वर्षी आमच्या गावात घटसर्प आला होता. कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. तरुण डॉक्टरांना तो पुस्तकातूनच माहीत. आधी साधा घसा दुखतो, ताप येतो, मग घशात राखाडी पडदा धरतो आणि श्वास कोंडायला लागतो. मागवाल्यांच्या वसाहतीतली एक मुलगी त्यात गेली. आणखी दोन मुलं जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल होती. पाच ते सात वर्षांच्या मुलांना घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या त्रिगुणी लशीचा जादा डोस आणि त्याहून मोठ्यांना त्यांच्या वयाची लस द्यायची म्हणून पालिकेच्या शाळेत शिबिर लावलं होतं. दुसऱ्या दिवसापासून.

मी जागेवर येऊन बसले आणि मला जे जे येत होतं ते सगळं करायला लागले. आदल्याच वर्षी पुण्याला आमचं प्रशिक्षण झालं होतं. फलक करायचं ॲप, एकदाच लिहून ठेवलेला मजकूर ठरल्या वेळी आपोआप टाकणारं सॉफ्टवेअर, आणि गावात आरोग्याबद्दल काय बोललं जातंय ते रंगांत दाखवणारा एक तक्ता. लोक खूश असले की हिरवा, चिडले की लाल. मी तो तक्ता उघडला. कुंडलपेठ हिरवं होतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये काय चाललंय ते त्या तक्त्याला दिसतच नव्हतं, आणि आमचं सगळं गाव तिथेच राहत होतं.

तरी मी फलक केले. गोंडस बाळ, हसणारी आई, 'लस सुरक्षित आहे'. वॉर्डांतल्या आशा सेविकांना पाठवले, शाळांच्या ग्रुपवर टाकले. वॉर्डावॉर्डांतून उत्तरादाखल पुन्हा तीच ध्वनिफीत यायला लागली. एकीने तर माझ्याच फलकाखाली लिहिलं: आधी हे ऐका.

दुपारी वरच्या कार्यालयातून तयार चित्र आलं. त्यात ताईच्या ध्वनिफितीची पट्टी होती आणि तिच्यावर आडवा लाल शिक्का: 'खोटे'. साहेबांकडेही आमच्या पानाची चावी होती. त्यांनी ते स्वतःच चढवलं. मी पाहिलं तोवर शेकडो लोकांनी ते पुढे पाठवलं होतं.

सकाळी शिबिराला गेले, तर शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली, टेबलावर लशीच्या थंड पेट्या मांडलेल्या, सिस्टर हातमोजे घालून बसलेल्या आणि समोर मोजकीच चार-पाच मुलं. त्यातली दोन शाळेच्या शिपायाचीच. डॉ. नदाफ खिडकीपाशी उभ्या होत्या. मी जवळ गेल्यावर म्हणाल्या, "ती ध्वनिफीत पुन्हा लावा बरं."

मी लावली. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली.

"ही बाई खोटं बोलत नाहीये," त्या म्हणाल्या. "तापातले झटके आहेत हे. लशीने ताप येतो, आणि लहान मुलांना तापात झटके येऊ शकतात. बहुतेक मुलं त्यातून ठणठणीत बरी होतात. तिला कुणी हे सांगितलंच नाही. उलट संबंध नाही म्हणून हाकललं. आता आपण तिच्यावर शिक्का मारून बसलोय."

मी मोबाइल बंद केला. त्यांनी विचारलं, "तुमच्या ओळखीची आहे का? काल केबिनमध्ये तुमचा चेहरा उतरला होता."

"माझी सख्खी बहीण आहे," मी म्हणाले. हे शब्द तोंडातून निघाले आणि मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली.

त्या जराही दचकल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मग मला तिच्याकडे घेऊन चला."

ताईचं घर कोष्टी गल्लीत. खाली दाजींचे चार माग, वर राहायला तीन खोल्या. बोलायचं तर एकतर ओरडायचं नाहीतर माग बंद करायचे. आम्ही जिना चढलो तेव्हा ताई पोळ्या लाटत होती. मला बघून तिने मान वर केली नाही.

"आलीस? शिक्का दाखवायला आलीस का?"

"ताई, तो मी नाही टाकला."

"तुमच्याच पानावर आहे नव्हे. माझ्या जाऊबाईंनी दाखवला. म्हणाल्या, ललिता, तुला सरकारनं खोटं ठरवलंय बघ." तिने लाटणं खाली ठेवलं. "मी आमच्या माहेरवाशिणींच्या ग्रुपवर बोलले होते. सुनंदाने विचारलं म्हणून. ते गावभर गेलं, त्याला मी काय करू? आणि खोटं काय बोलले, ते सांग की."

डॉ. नदाफ चप्पल काढून आत आल्या आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या. मी ओळख करून दिली. ताईने पदराला हात पुसले आणि त्यांच्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या वकिलाकडे बघावं.

"काही खोटं बोलला नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

खालचे माग धडधडत होते. ताईला वाटलं तिने चुकीचं ऐकलं. तिने जिन्यापाशी जाऊन दाजींना हाक मारली, माग थांबले, आणि घरात एकदम शांतता पसरली. दाजी वर आले, दारातच उभे राहिले.

"काय म्हणालात?" ताईने विचारलं.

"तुमच्या मुलाला जे झालं, ते लशीनंतरच्या तापामुळेच झालं असणार. तुम्ही खोटं बोलला नाहीत."

"मग त्यांनी संबंध नाही असं का सांगितलं?"

"मला माहीत नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल, संबंध आहे म्हटलं तर तुम्ही पुढची लस द्यायला येणार नाही."

"आणि आलेच नाही नंतर," ताई म्हणाली. "श्रेयसला त्यानंतर एकही सुई दिली नाही मी. घरातच त्याच्या उशाशी बसून राहायचे. जरा कणकण आली की बसायचे. हे म्हणायचे, किती भितेस. आता दहाचा झाला तरी त्याला ताप आला की मी डोळे मिटत नाही."

डॉक्टरांनी मग सावकाश सगळं सांगितलं. झटके का येतात, कुठल्या वयात जास्त येतात, पाचच्या पुढे त्यांची शक्यता किती कमी होते. भावाला आले म्हणून बहिणीला लस देता येत नाही असं नाही. ताप आला तर औषध कसं द्यायचं, कपडे कसे ठेवायचे, झटका आलाच तर कुशीवर वळवायचं आणि तोंडात काही घालायचं नाही. ताई मध्येच थांबवून विचारत होती. एकच गोष्ट दोनदा विचारत होती. डॉक्टर दोनदा सांगत होत्या. शेवटी ताई म्हणाली, "हे मला एकटीला सांगून काय उपयोग? माझा आवाज ज्यांनी ऐकला, त्यांना सांगा."

मी म्हणाले, "पानावरून थेट प्रक्षेपण करता येईल. तू विचारायचं, डॉक्टर सांगतील. सगळ्यांना बघता येईल."

"आणि तिचं तोंड दिसलं की पोलीस येतील," दाजी दारातून म्हणाले. त्यांच्याही कानावर आलं होतं. "हेमा, तू तुझी नोकरी सांभाळ. तिला कशाला पुढे करतेस?"

मी खरं ते सांगितलं. साहेब तक्रार द्यायच्या विचारात आहेत, आवाज कुणाचा हे मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि उद्या ती पडद्यावर आली की लपवायला काही उरणार नाही. दाजींनी ताईकडे बघितलं. ताई पोळीकडे बघत होती. तव्यावरची पोळी करपली होती.

"येते," ती म्हणाली. "पण मी काय विचारायचं ते तू लिहून द्यायचं नाहीस."

साहेबांना मी फोन करून सांगितलं की उद्या डॉ. नदाफ पानावर थेट लोकांशी बोलतील. ते खूश झाले. काय बोलायचं त्याचे मुद्दे त्यांनी लगेच पाठवून दिले. पहिला मुद्दा होता, 'लस पूर्ण सुरक्षित, कोणताही त्रास नाही.' शेजारी कोण बसणार हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मी घरभर चकरा मारत राहिले. आई म्हणाली, बस की जरा. बसलं की पाय आपोआप हलायला लागायचे.

सकाळी शाळेच्या पहिलीच्या वर्गात मी मोबाइल तिपाईवर लावला. ताई इस्त्रीची साडी नेसून आली होती. लहान मुलांच्या बुटक्या बाकावर ती आणि डॉक्टर समोरासमोर बसल्या. मी बटण दाबलं.

आधी कोपऱ्यातला आकडा अगदी किरकोळ होता. मग ताई म्हणाली, "नमस्कार. तुम्ही सगळ्यांनी ज्या बाईचा आवाज ऐकला, ती मी. ललिता खारगे," आणि आकडा पळायला लागला. खालून प्रतिक्रिया वर सरकत होत्या. हीच ती. किती पैसे दिले हिला. ताई बोला तुम्ही. डॉक्टर लोक खोटंच सांगणार.

ताईने विचारलं, "माझ्या मुलाला झटके आले, ते सुईमुळे आले का? हो की नाही सांगा."

"हो," डॉ. नदाफ म्हणाल्या. "लशीमुळे ताप आला आणि तापामुळे झटके आले. आणि त्या वेळी तुम्हाला संबंध नाही असं सांगितलं गेलं, ते चूक होतं. डॉक्टर म्हणून मी त्याबद्दल तुमची माफी मागते."

त्याच क्षणी पडद्यावर वरून साहेबांचा निरोप उतरला. 'हे काय चाललंय. ती बाई तिथे कशी.' लगेच दुसरा. 'संबंध आहे असं म्हणू देऊ नका. बंद करा.' मग फोन यायला लागला. मी तो कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. प्रक्षेपण थांबवायचं लाल बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं. मला एवढं कळत होतं की हे चालू ठेवलं तर माझं कंत्राट गेलं, आणि साहेब म्हणतात तसं झालं, लोक आणखी बिथरले, तर ते पाप कुणाच्या माथी ते विचारायला नको. मी हात मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी धरून उभी राहिले.

ताईचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती विचारत होती, "असे झटके किती मुलांना येतात? आणि त्यातून कुणाला कायमचं काही होतं का?" डॉक्टर सांगत होत्या. मग एक प्रतिक्रिया आली, ती मी मोठ्याने वाचली. "वसाहतीतली मुलगी गेली, तिला सुई दिली होती का?"

"तिच्याबद्दल मी बोलणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ती तिच्या आईवडिलांची गोष्ट आहे. घटसर्पाबद्दल विचारा, सगळं सांगते." आणि त्यांनी सांगितलं. घशातला पडदा, फुगलेली मान, हृदयावर होणारा परिणाम. आवाज चढवला नाही, भीती घातली नाही. आपण काय पाहिलं तेवढं सांगितलं. ताईने पदर तोंडाशी धरला होता.

वर्गाच्या दारात पावलं वाजली. साहेब आले होते, घामेघूम. पडद्यात येणार नाहीत अशा बेताने ते भिंतीलगत माझ्यापर्यंत आले आणि कानाशी कुजबुजले, "तुमचं तर गेलंच, माझंही जाईल. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, सर."

त्यांनी मोबाइलकडे हात नेला. तेवढ्यात खालून एक प्रश्न वर आला आणि मागोमाग तोच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी येत राहिला. साहेबांनीही तो वाचला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. मी वाचून दाखवला. "ताई, मग आता तुम्ही तुमच्या मुलीला देणार का?"

मला वाटलं आता ती हो म्हणेल. साहेबांनाही तेच वाटलं असणार.

ताईने तोंडाशी धरलेला पदर खाली घेतला. मग म्हणाली, "अजून ठरवलं नाही. डॉक्टरबाईंचं पटलंय. पण माझं मन अजून घाबरतंय. संध्याकाळपर्यंत ठरवीन."

मी बटण दाबून प्रक्षेपण थांबवलं. ताई उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. साहेब त्या बुटक्या बाकावर बसले. त्यांचे गुडघे छातीशी आले होते. "झालं समाधान?" ते म्हणाले. राग नव्हता त्यात, नुसता थकवा होता. "ती मुलगी गेली तेव्हा मी तिथेच होतो, दिवटे मॅडम. मलाही मुलं वाचवायचीच आहेत."

त्यानंतरचा तासभर माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास असेल. मी व्हरांड्यात या टोकाहून त्या टोकाला जात होते. मोबाइल उघडत होते, बंद करत होते. सिस्टर हातमोजे काढून पुन्हा घालत होत्या.

आधी सुनंदा आली, ग्रुपवर ताईला विचारणारी तीच. मूल आणलं नव्हतं. "सुई नकोय," ती म्हणाली. "मला डॉक्टरबाईंना एक विचारायचंय." तिच्या पुतण्याला फिट येतात, त्याला चालेल का. मग तिच्यामागे दोघी आल्या. मग मागावरून थेट उठून आलेला एक बाप, केसांत कापसाची लव. सगळे विचारायलाच आले होते. डॉ. नदाफांच्या टेबलासमोर रांग लागली आणि लशीच्या टेबलासमोर कुणी नाही, असं बराच वेळ चाललं. मी शाळेतून आणखी बाकं आणून मांडली. साहेब उठले, दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसले आणि तेही उत्तरं द्यायला लागले. आधी अडखळत होते. एका म्हातारीने त्यांना विचारलं, "पोराला काही झालं तर तुमी याल का?" साहेबांनी खिशातून पेन काढून तिच्या तळहातावर स्वतःचा नंबर लिहून दिला.

दुपारनंतर विचारून गेलेल्यांतले काही जण मुलांना घेऊन परत आले. सगळे नाही. पण व्हरांड्यात रडण्याचे आवाज यायला लागले आणि ते ऐकून सिस्टर हसल्या. शिबिर आवरायची वेळ झाली तेव्हा ताई फाटकातून आत आली. एका हाताला धाकटी तनिष्का, दुसऱ्या हाताला श्रेयस. तिचा चेहरा पांढराफटक होता. दोघांच्या बाह्या तिनेच वर केल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. पोलिसांत तक्रार गेली नाही. लाल शिक्क्याचं चित्र साहेबांनी स्वतःच पानावरून काढलं. मला मात्र नोटीस मिळाली, परवानगीशिवाय प्रक्षेपण केल्याबद्दल, आणि वर्षअखेर कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. सही साहेबांचीच होती. सही करून त्यांनी मला बोलावून चहा पाजला. साथ लगेच थांबली नाही. वसाहतीच्या पलीकडच्या एका वाडीतून कुणी शिबिराला आलं नव्हतं. तिथला एक मुलगा त्या महिन्यात गेला. त्या वाडीत आमचा एकही ग्रुप नव्हता. आज मी एका मोठ्या रुग्णालयात हेच काम करते, माझ्या हाताखाली पाचसहा मुलंमुली आहेत आणि साधनं तर विचारूच नका. तो मुलगा मात्र मला आठवत राहतो. त्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण मला सांगायचंय ते तनिष्काला सुई दिल्याच्या दुसऱ्या दिवशीचं.

आदल्या संध्याकाळी तनिष्काला ताप आला, डॉक्टर म्हणाल्या होत्या तसाच. औषध दिलं. ताई तिच्या उशाशी बसली आणि मी ताईच्या शेजारी. ताईचा मोबाइल सारखा वाजत होता. गल्लीतल्या, माहेरच्या, कुठून कुठून बायका विचारत होत्या. ताई प्रत्येकीला तेच सांगत होती. "होय, आलाय. एकशे एक. औषध दिलंय. झटके नाहीत." एकीला म्हणाली, "अगं, भीती वाटतीय की. तरी बसलेय."

सकाळी तनिष्काचा ताप उतरला होता. ती दंड चोळत चहात बुडवून खारी खात होती. सुनंदा दारात आली, आत आली, तिला नीट न्याहाळलं, कपाळाला हात लावला आणि गेली. मग शेजारच्या दोघी आल्या. मग माझ्या ओळखीच्या नसलेल्या बायका यायला लागल्या. प्रत्येक बाई तनिष्काच्या कपाळाला हात लावून जायची. तनिष्का वैतागून म्हणाली, "आई, दार लाव ना."

दाजी दार लोटायला गेले, तर जिन्यात डॉ. नदाफ उभ्या होत्या. रुग्णालयात जायच्या आधी वाट वाकडी करून आल्या होत्या. त्यांनी तनिष्काचा दंड बघितला, श्रेयसचा बघितला, ताप किती होता, औषध कधी दिलं, ते विचारलं. मग उठत म्हणाल्या, "छान आहेत दोघं. संध्याकाळी एक फोन करा मला, कसं आहे ते सांगायला."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग वळून ओट्याकडे गेली आणि चहाचं आधण ठेवायला लागली. आमच्याकडे तिची पाठ होती.

"बसा, डॉक्टर," ती म्हणाली. "श्रेयसच्या वेळी मी कितीतरी दिवस दाराकडे बघत होते. दवाखान्यातलं कुणीतरी येईल, पोरगं कसं आहे म्हणून विचारेल. कुणी आलं नाही."

डॉक्टर परत खाली बसल्या. दाजींनी खाली जाऊन माग सुरू केले, आणि त्या खडखडाटात ताई पुढे काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. डॉक्टरांना मात्र ऐकू येत असावं. त्या तिच्या बाजूला सरकल्या होत्या आणि मान हलवत होत्या.